रविवारचा गणवेश

हर्षलाच्या प्रबंधाचं वजन दोन किलो सातशे ग्रॅम भरलं. ते केलं धनेशने, तिच्या नवऱ्याने, स्वयंपाकघरातल्या काट्यावर, आणि तेही मसुद्याची प्रत घरात येऊन दहा मिनिटं होत नाहीत तोवर. रसायनीच्या एका कारखान्यात वजनकाट्यावर बसून अठरा वर्षं ट्रक आणि टँकर मोजणाऱ्या माणसाकडून दुसरी कसली अपेक्षा करणार? त्याला बायकोच्या पीएचडीचा विषय कळत नव्हता असं मुळीच नाही. सहा वर्षं रोज जेवताना शैक्षणिक धोरण ऐकून त्याला ते बऱ्याच साहेबांपेक्षा जास्त कळायला लागलं होतं. पण कौतुक करायची त्याची तऱ्हा ही अशी.

"सहा वर्षांत पावणेतीन किलो," तो म्हणाला. "बाळसं बरं धरलंय."

"अहो, कणकेचे हात धुवा आधी! गाईड मॅडमना दाखवायचीय ती प्रत."

हे बाळ जन्माला आलं होतं रागातून. खालापूरला बदली होण्यापूर्वी हर्षला सात वर्षं कुड्याच्या वाडीवर शिक्षिका होती. कर्जतहून जीपने कशेळे, कशेळ्याहून पुढे मिळेल ते वाहन, आणि शेवटचा पाऊण तास आपले पाय. ठाकर आदिवासींची अडतीस घरं, शाळेची एक खोली, एक पडवी, आणि पहिली ते चौथी चारही वर्गांना मिळून एक बाई. मग पट वीसच्या खाली घसरला आणि ही शाळा बंद करून मुलं खालच्या गावातल्या मोठ्या शाळेत पाठवायचं ठरलं. कागदावर त्याला 'समायोजन' म्हणतात. कागदावरचे शब्द नेहमी छानच असतात. बैठकीत हर्षला उभी राहिली आणि म्हणाली, साहेब, एवढी लहान पोरं एवढं चालणार नाहीत. साहेबांनी मान वर न करता विचारलं, "बाई, यावर तुमचा काही अभ्यास आहे का?"

सात वर्षं तो डोंगर चढलेल्या बाईला हा प्रश्न! ती घरी आली, दोन दिवस कुणाशी धड बोलली नाही आणि तिसऱ्या दिवशी तिने विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेचा अर्ज भरला. अभ्यास नाही ना? करते. विषयही तोच घेतला: शाळा बंद झाल्यावर मुलांचं पुढे काय होतं.

पण त्या रागाच्या खाली आणखी एक गोष्ट होती, आणि ती हर्षलाने धनेशलासुद्धा कधी सांगितली नव्हती. शाळेला कुलूप लागलं त्या दिवशी सगळी पोरं पडवीत उभी होती. अंबूबाईची नात भागी तेव्हा दुसरीत होती. तिने हर्षलाची ओढणी धरून विचारलं, "बाई, आनि तुमी?" हर्षला म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे. मीपण तिकडेच येतेय." ही थाप नव्हती. तोंडी तसंच ठरलं होतं. पण लेखी आदेश निघाला तो खालापूरचा, घरापासून बारा मिनिटांवरच्या शाळेचा. खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. बरं वाटलं याचं नंतर वाईट वाटलं, आणि ते वाईट वाटणं सहा वर्षं तिच्यासोबत राहिलं.

आता अभ्यास करायचा तर वाडीवर जायला हवं आणि जायला रजा हवी. शिक्षकाला रजा कुठून मिळणार? मतदारयाद्या आहेत, प्रशिक्षणं आहेत, कसली ना कसली माहिती संध्याकाळी पाचपर्यंत भरून पाठवायची आहे. तेव्हा हर्षलाचं वाडीवरचं सगळं काम झालं रविवारी. धनेश स्कूटरवरून पायथ्याशी सोडायचा आणि झाडाखाली पेपर वाचत बसायचा. पेपर संपला की त्याच झाडाखाली घोरायचा.

पहिल्या रविवारी गोमाने तिला विचारलं होतं. हा गोमा वाडीतला चौथी पास, वाडीच्या वतीने सरकारशी बोलायचा मान त्याचा. "बाई, ह्ये कागद कशासाठी?" हर्षलाने सोपं करून सांगितलं. संशोधन, धोरण, संमतिपत्र हे कुठे समजावत बसणार? ती म्हणाली, "माझी मोठी परीक्षा आहे, गोमादादा. तुम्ही नीट उत्तरं दिलीत तर मी पास होईन."

गोमाने गंभीरपणे मान हलवली. या एका वाक्याने पुढे काय घोळ घातला हे कळायला तिला फार उशीर झाला.

कारण उत्तरं इतकी छान आली! पुढच्या रविवारपासून वाडीतली माणसं झाडून घरी. एरवी रविवारी खालच्या फार्महाऊसांवर मुंबईची मंडळी उतरतात, त्यामुळे कामाचा दिवस तोच. पण बाई येणार म्हणून त्यांनी कामं सोडली. बावीस प्रश्नांची बावीस उत्तरं, न अडखळता. पोरं शाळेत जातात का? रोज जातात. खिचडी मिळते का? पोटभर मिळते. आणि सगळी पोरं चक्क गणवेशात! रविवारच्या दिवशी! हर्षलाने प्रबंधात लिहिलं, "मुलांना शाळेविषयी इतकी आपुलकी आहे की सुटीच्या दिवशीही ती गणवेश घालतात, गणवेश अत्यंत जपून वापरलेले आढळतात." तिच्या मार्गदर्शक सुरेखा मॅडमनी त्याखाली लाल रेघ मारून 'उत्तम निरीक्षण' असा शेरा दिला होता.

चौतीस मुलांपैकी एकतीस रोज शाळेत. खालच्या शाळेचा हजेरीपट मागवला, तर त्यातही सगळे हजर. हजेरीपट कसे भरले जातात हे वीस वर्षं शिक्षिका असलेल्या बाईला माहीत नव्हतं का? होतं. पण माणसाला जे हवं असतं ते हातात पडलं की कोण उलटसुलट करून बघतो? शाळा बंद होऊन पोरांचं वाईट झालं नाही, हा प्रबंधाचा निष्कर्ष निघाला. तो तिच्या मूळ म्हणण्याच्या उलट होता, आणि तरी तो लिहिताना तिला हलकं वाटलं. पोरं सुटली होती, म्हणजे तीही सुटली होती.

एकच काम राहिलं होतं, अंबूबाईचा अंगठा. प्रत्येक घराच्या संमतिपत्रावर सही किंवा अंगठा हवा, तसा नियमच आहे. सदतीस घरांचे होते. अंबूबाईने बावीसही उत्तरं दिली होती, पण अंगठ्याची वेळ आली की एकदा तिचे हात शेणात, एकदा मिरची कांडलेली, एकदा बोटाला विळा लागलेला. मॅडमनी बजावलं, तो एक कागद पूर्ण कर आणि प्रबंध दे. मुदत एकतीस मार्चची होती, आणि वाढवून मिळालेली ती शेवटची मुदत. ती चुकली तर नोंदणी रद्द.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी कर्जतला शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. सगळे वेळेवर आले, शिकवणारे तेवढे आले नाहीत. साडेदहाला सुटी झाली. हर्षलाने शाईचं पॅड पर्समध्ये आहे ना ते पाहिलं आणि कशेळ्याची जीप पकडली.

साडेबाराच्या सुमाराला ती वाडीच्या तोंडाशी पोहोचली, तर समोर पोरं. कुणी गोट्या खेळतंय, कुणी मोळी घेऊन उतरतंय, कुणी कडेवर लहान भावंड घेऊन उभी. हर्षलाने मोजायला सुरुवात केली, कारण मोजल्याशिवाय तिला राहवत नाही. सतरा झाली. अठरावं पोर मोजणार तेवढ्यात त्यातल्या एकाने तिला पाहिलं आणि बोंब ठोकली, "बाई आली! डरेस घाला रं, डरेस!"

क्षणात अंगण रिकामं. घराघरात पत्र्याच्या पेट्या उघडल्याचे आवाज आले. आणि दोन मिनिटांत सगळी पोरं बाहेर येऊन ओळीत उभी राहिली, निळी चड्डी, पांढरा सदरा, चुकीच्या काजात अडकवलेली बटणं, धापा टाकत. "एक साथ नमस्ते" सुद्धा झालं.

एकटी भागी हलली नव्हती. तेरा वर्षांची झाली होती. कडेवर धाकटा भाऊ होता. ती हर्षलाकडे बघत होती आणि हर्षलाला तिच्याकडे बघता येईना.

अंबूबाई दारात वालाच्या शेंगा सोलत बसली होती. तिने वर पाहिलं आणि तिचा हात थांबला. "आज कशा आल्या, बाई? आज ऐतवार नाय."

"अंबूबाई, पोरं शाळेत का नाहीत?"

"गोमा नाय घरी. फारमावर गेलाय. त्याला इचारा."

"मी तुम्हाला विचारतेय."

अंबूबाईने पुढची शेंग सोलायला घेतली. मग हर्षलाने ज्या कामासाठी ती आली होती तेच पुढे केलं. पॅड उघडलं, कागद मांडला. "बरं, अंगठा तरी द्या."

म्हातारीने दोन्ही हात पदराखाली घेतले. "नाय. तोंडानं बोलले ते बोलले. अंगठा नाय उठवायची. तेवढं सांगू नका मला."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. गोमाने शनिवारी सगळ्यांना पडवीत बसवलं होतं. कागदावर काय विचारतील आणि त्यावर काय सांगायचं, हे घोकून घेतलं होतं. वाडीतल्या कोंडीच्या काही लक्षात राहीना, तिला दोनदा बसवावं लागलं. खिचडीचा प्रश्न येणार हे गोमाला आधीच माहीत, कारण सरकारी माणूस खिचडीचं विचारल्याशिवाय जातच नाही. गणवेशाची युक्तीही त्याचीच.

"पण कशासाठी?" हर्षलाचा आवाज चढला. "मी काय साहेब आहे? माझ्याशी खोटं कशाला?"

"तुमचीच परीक्षा होती ना?" अंबूबाईला या प्रश्नाचंच नवल वाटलं. "सात वर्सं तुमी आमच्या पोरांना पास केलं. मंग आमी तुमाला नापास होऊ द्याचं व्हय?"

हर्षलाला ओरडायचं होतं. ते जमेना. हसू येतंय की रडू येतंय हेही कळेना. ती अंबूबाईच्या शेजारी उंबऱ्यावर बसली आणि तिने एक शेंग उचलून सोलायला घेतली. समोर पोरं अजून ओळीत उभी होती, कारण त्यांना कुणी बसा म्हटलं नव्हतं.

घरी आल्यावर तिने धनेशला सगळं सांगितलं. अगदी सगळं, ओढणीचंसुद्धा. तो ऐकत होता आणि मटार निवडत होता. शेवटी ती म्हणाली, "कुणाला कळणार नाही, माहितीय? अंबूबाईचा एक फॉर्म काढून टाकायचा. तेहतीस मुलं दाखवायची. छापायला द्यायचं. सहा वर्षं, अहो! सहा वर्षं मी एक लग्न धड जेवले नाही."

"मग दे की छापायला."

तिला तो साहेब आठवला. पुढच्या कुठल्यातरी बैठकीत कुणीतरी बाई उभी राहील, म्हणेल पोरं एवढं चालणार नाहीत, आणि साहेब हर्षलाच्याच प्रबंधाची काळी बांधीव प्रत उचलून म्हणेल, चालतात की, हा घ्या अभ्यास.

"काटा शून्यावर नसताना गाडी मोजली गेली, तर तुम्ही काय करता?" तिने विचारलं.

"परत बोलावतो. गेटबाहेर गेली असली तरी. ड्रायव्हर शिव्या घालतो." धनेशने मटाराचं ताट बाजूला ठेवलं. "घालू दे. मी स्कूटरमध्ये पेट्रोल भरून ठेवतो."

तिने सुरेखा मॅडमना फोन लावून सगळं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "चाळीस दिवस आहेत तुझ्याकडे. आधी रड, मग कामाला लाग. आणि हर्षला, ते गणवेशाचं निरीक्षण काढू नकोस. पहिल्या प्रकरणात आण. तू रविवारी गेलीस आणि काय पाहिलंस, ते जसंच्या तसं लिही."

हर्षलाने साठवलेली रजा टाकली, पंधरा दिवसांची. आणि एका सोमवारी, चांगला कामाचा वार बघून, कुड्याच्या वाडीवर बंद शाळेच्या पडवीत सगळ्यांना बोलावलं. गोमाचं तोंड उतरलं होतं.

"म्हंजी आमच्यामुळं तुमी नापास?"

"नाही, गोमादादा. सांगताना मीच चुकले."

"पन खरं सांगितलं तं तुमी पास कशा होनार? पोरं तं जात नायत."

मेथडॉलॉजीवर तिने ऐंशी पानं लिहिली होती, त्यातलं एक वाक्य उपयोगी पडेना. मग तिचं लक्ष अंबूबाईकडे गेलं. अंबूबाई पाल्याची औषधं देते. चार वाड्यांतली माणसं तिच्याकडे येतात.

"अंबूबाई, एखाद्याचं पोट दुखतंय आणि तो तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून म्हणाला, अंबूबाई, मला कायसुद्धा होत नाही. तर?"

"पाला कुठला देऊ त्याला? घरी जाईल नि मरंल."

"माझी परीक्षा तशी आहे. तुमचं दुखणं मला बरोबर लिहिता आलं तर मी पास. नाही आलं तर नापास."

पडवीत कुजबुज झाली. अंबूबाई उठली, कमरेवर हात ठेवून सगळ्यांकडे फिरली आणि म्हणाली, "ऐकलं ना रं? आता खरं सांगायचं. कोंडे, तुला तं आता पाठबी करायला नको." कोंडी सगळ्यात मोठ्याने हसली.

आणि मग खरं सांगायला लागली माणसं, ती थांबेनात. तक्त्यातल्या चौकटी त्यांना पुरेनात. शाळेचं अंतर कागदावर पावणेतीन किलोमीटर. ते जुन्या पायवाटेचं. त्या वाटेवर चार वर्षांपूर्वी एका फार्महाऊसचं तारेचं कुंपण पडलं. आता वळसा घालून साडेपाच. आया सकाळी फार्महाऊसांवर झाडायला, बागांना पाणी घालायला जातात, तेव्हा घरातलं तान्हं थोरल्या बहिणीच्या कडेवर येतं. खालच्या शाळेत पोरांच्या बोलण्याला हसतात. हर्षला रोज सकाळी येत होती, लिहीत होती, पोरांबरोबर तो साडेपाच किलोमीटरचा वळसा स्वतः चालत होती. पायाला फोड आले. धनेश झाडाखाली नव्हता या वेळी, त्याला कामाचे वार होते.

चौतीसपैकी रोज जाणारी अकरा निघाली, अधूनमधून जाणारी नऊ आणि शाळा सोडलेली चौदा. त्या चौदांसमोर कारणं लिहायची होती. अंतर आणि रस्ता, सहा. भावंडं सांभाळणं, पाच. मजुरी, दोन. अंबूबाईचं घर तिने मुद्दामच शेवटी ठेवलं होतं.

अंबूबाईने सांगून टाकलं, की भागीच्या वेळी वाट मोकळी होती, कुंपण नंतरचं. भावंड तेव्हा झालंच नव्हतं. "मंग का सोडली, ते तिचं तिलाच इचारा. मला कधी बोलली नाय."

भागी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. कडेवरचं पोर झोपलं होतं.

"का गं, भागी?"

"काय नाय."

"दुखणं बरोबर सांगायचं असं ठरलंय ना?"

भागीने पायाच्या अंगठ्याने जमीन उकरली. "तुमी म्हनल्या, पुढं व्हा, मी येते. मी गेले. अकरा दिस गेले. रोज दारात बसायची, तुमी येताना दिसाव्या म्हनून. मंग ती दुसरी बाई म्हनली, कोन नाय येनार, आत बस." ती थांबली. "मंग नाय गेले."

हर्षलाने पेन उचललं. 'कारण' या रकान्यासमोर सांकेतिक आकडे होते, एक ते नऊ. बाई आली नाही, याला आकडा नव्हता. तिने नऊवर गोल केला. नऊ म्हणजे इतर. तिच्या डोळ्यांतलं पाणी कागदावर पडलं आणि गोल थोडा फिसकटला.

"चुकलं का माझं?" भागी घाबरून म्हणाली.

"नाही गं बाळा. तुझं नाही."

अंबूबाईने शेंगांची टोपली सरकवली, पदराला हात पुसले आणि उजवा अंगठा पुढे केला. "आना ते शाईचं."

प्रबंध एकतीस मार्चला दुपारी सव्वातीनला विद्यापीठात पडला. आधीपेक्षा तीनशे ग्रॅम हलका होता. वजन धनेशने केलं होतंच. आणि एप्रिलमध्ये हर्षलाने आणखी एक अर्ज केला. खालच्या गावातल्या शाळेतल्या एका बाईंना खालापूरकडे यायचं होतं, त्यांच्याशी आपसी बदलीचा. शाळेत सगळे म्हणाले, वेडी आहे ही, पीएचडी होणारी माणसं कॉलेजात जातात, साहेब होतात. धनेश म्हणाला, "म्हणजे आता रोज पहाटे डबा मी करायचा." आणि जूनमध्ये बदली झाली तसा करायला लागला.

सगळं काही जागच्या जागी बसलं असं समजू नका. चौदातली सहाच पोरं परत आली, आपापल्या वयाच्या वर्गात. फार्महाऊसच्या मालकाने कुंपणात फाटक ठेवावं म्हणून हर्षला तीन वेळा गेली, तिन्ही वेळा चहा मिळाला. चौथ्या वेळी अंबूबाई गेली. ती काय बोलली ते कुणाला माहीत नाही, पण फाटक झालं.

मौखिक परीक्षा ऑक्टोबरात होती. ती खुली असते, कुणालाही येऊन बसता येतं, हे धनेशने वाडीवर जाऊन सांगितलं, आणि शेजाऱ्याची इको गाडी मागून आणली. मागच्या रांगेत गोमा, अंबूबाई आणि भागी बसली. अंबूबाईने नवं लुगडं नेसलं होतं. "ही बाईंची परीक्षा," गोमाने वाटभर बजावलं होतं, "आपल्याला इचारलं तरच बोलायचं."

परीक्षक पुण्याहून आले होते. दीड तास त्यांनी हर्षलाला धारेवर धरलं, आणि ती एकेका प्रश्नाला पुरून उरली. शेवटी ते पानं उलटत एका तक्त्यावर थांबले.

"शाळा सोडण्याची कारणं. इतर, एक. हे काय आहे? प्रत्येक कारणाचं तुम्ही दोन-दोन पानं स्पष्टीकरण दिलंय. याखाली एक ओळसुद्धा नाही."

नव्हतीच. साडेचारशे पानांत सगळं खरं लिहिलं होतं तिने, एवढी एक ओळ तेवढी लिहिता आली नव्हती. हर्षलाने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला. सुरेखा मॅडम तिच्याकडे बघत होत्या.

"सर, ते कारण मी आहे," ती म्हणाली. "एका मुलीला तिच्या बाईंनी सांगितलं, तू पुढे हो, मी येते. ती अकरा दिवस चालत गेली आणि दारात वाट बघत बसली. बाई आल्या नाहीत. त्यांची बदली घराजवळ झाली होती आणि त्यांनी ती घेतली. त्या बाई म्हणजे मी."

परीक्षकांनी चष्मा काढला. "आणि ती मुलगी?"

"हजर, सर."

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. भागी उभी होती. दोन वेण्या, निळा-पांढरा गणवेश, बटणं बरोबर काजात. वार होता गुरुवार.

"कितवीत आहेस?" परीक्षकांनी विचारलं.

"सातवीत."

"मग आता परत का जायला लागलीस?"

भागीने आधी हर्षलाकडे पाहिलं, मग परीक्षकांकडे. हे उत्तर तिला कुणी पाठ करून दिलेलं नव्हतं.

"बाई आल्या," ती म्हणाली आणि खाली बसली.

हर्षलाने ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं ते काढलंच नाही. मागच्या रांगेतून अंबूबाईची कुजबुज साऱ्या खोलीला ऐकू गेली. "गोमा, बरोबर सांगितलं ना रं तिनं?"